उंबरसांगवीची सोडलेली वाट

सांभाळून या मंडळी, एकामागं एक. दोघांनी शेजारी चालावं एवढी ही वाट रुंद नाही. दोन्ही अंगांनी बघा, ज्वारी डोक्याच्या वर गेलीय. उंच माणसानं हात वर केला तरी बाहेरून दिसायचा नाही. आणि मधनं ही वाट, ओढ्यापासून थेट गावापर्यंत, कुणाचंही रान आडवं आलं तरी सरळ. नकाशात शोधू नका, सरकारनं केलेली नाही. तो मोबाइल खिशात घाला आणि पायाखाली बघा. ही वाट कशी राहिली, ते जुनी माणसं असं सांगतात.

फार मागं हे ओढ्याकाठचं रान येसबा नावाच्या शेतकऱ्याचं होतं. गडी कष्टाळू, पण हावरा. ओढ्याकडून येणारी पायवाट त्याच्या रानातून जायची आणि ती त्याच्या डोळ्यांत सलायची. एका साली पेरणीला त्यानं बी पेरायची पाभर वाटेवरनं तशीच पुढं हाकली. गावानं हटकलं, तर म्हणाला, "पाहुण्यांनी बांधानं वळसा घालून यावं की! त्यांचे पाय काय झिजत्यात व्हय?" ज्वारी मात्र त्या साली अशी आली म्हणे, की बघणाऱ्याची नजर लागावी. वाट कुठं होती हे कुणाला ओळखूसुद्धा येईना.

दाणा चिकात आला तसा येसबा मचाणावर बसून पाखरं राखू लागला. हातात गोफण. असा नेमबाज की उडत्या पोपटाचं पीस झडावं. एका दुपारी, दिवस कलायला लागला होता, तेव्हा रानातून हाक आली, "बाऽऽ!"

त्यानं आवाज लगेच ओळखला. त्याची एकुलती लेक, सगुणा. पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती, पण अजून अवकाश होता. ओढ्याच्या चिखलात गाडी रुतली, तशी ती नवऱ्याला म्हणाली होती, "तुम्ही बैलं काढा, मी होते पुढं. हितनं माझ्या बाचंच रान हाय." आणि रानात शिरल्यावर तिला कळा सुरू झाल्या.

येसबा मचाणावर ताडकन उभा राहिला. वाऱ्यानं हाक अशी पांगली होती की ती कुठून आली ते समजेना. मग त्याला कणसं हलताना दिसली. एका ठिकाणी नव्हे, दोन ठिकाणी. एक हालचाल ओढ्याच्या अंगाला, दुसरी त्याच्या अलीकडं, आणि दोन्हींमधलं अंतर कमी होत चाललेलं. त्या हंगामात ओढ्याला लांडगा लागला होता, मेंढरं नेत होता.

त्यानं गोफणीत धोंडा घातला. पण मारायचा कुठं? एका जागी लेक, दुसऱ्या जागी जनावर, आणि वरून दोन्ही सारखंच दिसत होतं. "सगुणे, हाय तिथं थांब!" तो ओरडला. एक हालचाल थांबली. पण त्याच्या आवाजानं दुसरीही थांबली. खाली बायको, कोंडाबाई, ऊर बडवत होती. "अहो मारा की! बघत काय बसलाय?"

अलीकडची कणसं पुन्हा हलली. चोरट्या पावलानं जनावरच चालतं, असं त्याच्या मनानं घेतलं. त्यानं गोफण गरगरवली. दोरी सुटणार एवढ्यात त्याला पाखरं आठवली. ओरडण्याला ती सरावली होती, पण जवळ टाळी वाजली की भुर्रकन उडायची. गोफण फिरती ठेवून तो जिवाच्या आकांतानं ओरडला, "पोरी, टाळ्या वाजव!"

काहीच झालं नाही. कळेनं बिचारीचे हात पोटाला धरलेले असणार. हात भरून आला तरी येसबा गोफण फिरवत राहिला. आणि मग चिमण्यांचा थवा उठला. अलीकडच्या जागेवरून! जिथं तो धोंडा मारणार होता, बरोबर तिथून.

म्हणजे लेक तिथं होती. तो तसाच वळला आणि पलीकडं धोंडा सोडला. केकाटत लांडगा ओढ्याकडं पळाला.

मग येसबा उडी टाकून खाली आला आणि विळा घेऊन आपल्याच हिरव्या ज्वारीत घुसला. चिकातली कणसं सपासप आडवी होत गेली, त्यानं एकाकडंही पाहिलं नाही. सगुणा सापडली ती मातीत बसलेली. कोंडाबाईनं लुगड्याचा आडोसा धरला आणि तिथंच नात जन्मली.

येसबा रडत लेकीला म्हणाला, "वाट चुकलीस गं पोरी."

सगुणा म्हणाली, "न्हाई बा. वाट म्या सोडलीच न्हाई. पायाला खाली टणक लागत व्हतं, त्यावरनंच आले. वाटच तू काढून घेतलीस."

पुढच्या पेरणीला वाटेच्या जागी येसबानं आपल्या हातानं पाभर उचलली. त्याचं बघून गावातल्या सगळ्यांनीच आपापल्या रानात ती जागा सोडली. सगुणा माहेरी आली की तो दारातच विचारायचा, "वाट होती ना गं?" ती "होती, बा" म्हणायची. तरीही म्हातारा काठी घेऊन ओढ्यापर्यंत एकदा बघून यायचा, असं सांगतात.

आजही उंबरसांगवीत पाहुण्याला कधी आलात, कसे आलात, असं पहिल्यांदा विचारत नाहीत. आता पुढच्या घरी एक म्हातारी तुमच्या हातात पाण्याचा तांब्या देईल आणि विचारेल, "वाट होती ना?" तिथं हसू नका, मोटारीचं सांगत बसू नका. होती म्हणा. ते ऐकेपर्यंत तिचा जीव थाऱ्यावर नसतो.