दोरी सोडताना

“पण बाबा, बोटं उघडायची कधी?” हेमराजने चिडून विचारलं.

“उघडायची नाहीत,” वेस्ताबाबा म्हणाले.

“मग बाण सुटणार कसा?”

म्हाताऱ्याने समोर बोट दाखवलं. अंगणाच्या टोकाला केळीचा खुंट रोवला होता. हेमराजचे सगळे बाण त्याच्या डाव्या अंगाला, मातीत रुतले होते.

हेमराज बेडसे धुळ्याचा. तिरंदाजीत तीन वर्षं जिल्ह्यात पहिला आलेला, आणि ते लोकांना ठाऊक असावं असं वाटणारा. गेल्या हंगामात त्याची बोटं बिघडली. दोरी सोडताना झटका द्यायची, हात गालापासून बाहेर पडायचा आणि बाण डावीकडे जायचा. संघातून त्याचं नाव गेलं. सातपुड्यातल्या एका पाड्यावर कुणी म्हातारा बांबूच्या धनुष्यावर, नुसत्या बोटांनी, अलगद बाण सोडतो असं त्याच्या कानावर आलं. अंथरूण-पांघरूण घेऊन तो इथे येऊन राहिला.

त्याला अठरा दिवस झाले होते. आभाळ रोज भरलेलं. ना पाऊस, ना ऊन. बांबूच्या सालीची दोरी बोटं सोलून काढायची.

बाबांची बायको, बोंदरीआजी, आत खाटेवर पडून होती. तिचा खोकला अंगणापर्यंत यायचा. तो वाढला की बाबा शिकवणं अर्धवट टाकून आत जायचे. हेमराजला ते खटकायचं. घरात सून होती की!

बाबांनी त्याचं मनगट धरलं. “तू सोडतोस. म्हणून झटका बसतो.”

“सोडू नको?”

“धरणं थांबव.”

“दोन्ही एकच ना?”

आतून खोकला आला. बाबा उठले.

“अजून दहा बाण तरी बघा ना! निवड महिन्यावर आलीय माझी.”

“मी बाण बघत नाही,” जाता जाता बाबा म्हणाले. “हात बघतो.”

दुसऱ्या दिवशी ते बाहेर आलेच नाहीत.

हेमराज एकटाच बाण मारत राहिला. दोरी गालापर्यंत आणायची, आणि मनाला सांगायचं, धरणं थांबव. सांगितलं की बोटं दचकायची. दुपारपर्यंत चाळीस बाण झाले असतील. सगळे डावीकडे. मधल्या बोटातून रक्त यायला लागलं.

आत खोकला सकाळपासून चालूच होता.

त्याने पुन्हा दोरी ओढली. गालाला टेकवली.

खोकला थांबला.

पुढची ढास येईल म्हणून हेमराजचा कान तिकडे लागला... आली नाही... अजून नाही...

दोरी कधी गेली ते त्याला कळलं नाही. हात आपोआप मागे सरकून कानापाशी आला होता. बाण खुंटाच्या ऐन मध्यावर रुतला होता.

क्षणभर त्याचा विश्वास बसेना. मग तो धनुष्य घेऊन तसाच घराकडे धावला. खोकला का थांबला, हे त्याच्या मनातही आलं नाही.

आत अंधार होता. बाबा खाटेशी जमिनीवर बसले होते, दाराकडे पाठ करून.

“बाबा, सुटला!”

बाबांनी मान वळवली नाही.

“हो...” ते म्हणाले. “सुटली.”

कोपऱ्यात सून तोंडाला पदर लावून बसली होती. हेमराजने धनुष्य खाली ठेवलं. एकोणीस दिवस तो या घरची भाकरी खात होता, आणि आजीला एकदाही, कसं वाटतं, म्हणून विचारलं नव्हतं. आता विचारायला कोणी नव्हतं.

पाड्यावरच्या बायका आल्या. पाणी तापलं. आजीला आंघोळीसाठी उचलायचं, तर बाबांनी तिचा हात धरलेला. बायकांनी दोनदा सांगितलं. बाबा हलले नाहीत.

शेवटी सून हेमराजपाशी आली. “तुम्ही सांगा. तुमच्याशी बोलतात ते.”

तो बाबांच्या शेजारी गुडघे टेकून बसला. बाबांची तीन बोटं आजीच्या तळव्यात वळलेली होती. पहिल्या पेरावर दोरीचे जुने घट्टे होते.

“बाबा, आता सोडा.”

बाबांनी खाली, आपल्या हाताकडे पाहिलं. बोटं सैल झाली नाहीत.

“हे मला कुणी शिकवलं नाही,” ते म्हणाले.