बकुळेचा पुरावा

बालशाळेच्या नोंदवहीत दोनच रकाने होते, एक आईचा आणि एक बापाचा. आणि तीन वर्षांच्या बकुळेला होत्या दोन आया! झालं! राज्य बुडायला आणखी काय हवं?

"नाव खोडा!" राजा दुर्जयसेन गरजला. शत्रू सीमेवर आला होता तेव्हाही महाराज एवढे गरजले नव्हते. तेव्हा त्यांना सर्दी झाली होती.

बकुळेच्या आया म्हणजे केतकी रंगारीण आणि हौसा विणकरीण. एकीने सूत रंगवायचं, दुसरीने विणायचं, असा दोघींचा सात वर्षांचा संसार. त्यांनी एकमेकींच्या गळ्यात हार घातले तेव्हा सगळं गाव पंगतीला आलं होतं. बुंदी संपेपर्यंत कुणाची काही तक्रार नव्हती. हात धुतल्यावर मात्र लोकांना रीत, नीती, परंपरा सगळं एकदमच आठवलं.

मुलांची नाकं पुसण्यापासून त्यांना खिमट भरवण्यापर्यंत शाळेत सगळं भिवराबाईच करायची. आठवडाभर दारात रडून रडून बकुळा कालच कुठे रुळली होती. स्वतःची पिशवी स्वतः खुंटीला अडकवायला लागली होती. आणि आता तिला बाहेर काढायचं? भिवराबाईने पदर खोचला आणि थेट दरबार गाठला.

"महाराज, पोरीचा गुन्हा काय?"

"तिच्या घरात बाप नाही!"

"पण जीव लावणारी दोन माणसं आहेत की!"

दिवाणजी खाकरले. खाकरण्यात त्यांचा हात धरणारा राज्यात कुणी नव्हता. "ती दोन माणसं तिची कोण लागतात, याला पुरावा काय?"

राजाला हे फारच आवडलं. तो मिशीवर ताव देत म्हणाला, "ऐक बाई! उद्या संध्याकाळपर्यंत पुरावा आण. पण लिहिलेला नको, कागद काय कुणीही लिहितो. पढवलेला नको, साक्षीदार कुणीही पढवतो. आणि विकत घेतलेला तर मुळीच नको. काय काय विकत मिळतं ते दिवाणजींना विचार! आणलास तर पोर राहील. नाही तर पोरही बाहेर आणि तूही!"

दरबार खो खो हसला.

"आणते," भिवराबाई म्हणाली. "पण कसोटी सगळ्यांना एकच ना, सरकार?"

"एकच! माझ्या राज्यात पक्षपात नाही!"

"मग उद्या शाळा सुटताना अंगणात या. युवराजही आमच्याकडेच असतात."

त्या संध्याकाळी बकुळेला न्यायला आलेली हौसा इकडेतिकडे बघत कुजबुजली. "भिवराकाकू, मी उद्यापासून मागच्या गल्लीत थांबले तर? एकटी केतकी दिसली तर ठेवतील का हो पोरीला?"

"खबरदार!" भिवराबाई म्हणाली. "उद्या दोघीही यायचं. रोज येता तसंच, हाताला रंग असेल तर रंगासकट!"

दुसऱ्या दिवशी राजा आला तो हत्तीवरून. पुढे भालदार, मागे चोपदार, दोन्ही बाजूंना चवऱ्या, डोक्यावर वीतभर तुरा. तीन-चार वर्षांच्या मुलांवर छाप पाडायची म्हणजे एवढं लागणारच! हत्तीवरून उतरून तो अंगणाच्या मधोमध उभा राहिला. आईबाप ओळीने उभे होते. केतकी आणि हौसा पार टोकाला होत्या. युवराजांची रोज ने-आण करणारा सटवाजी भोई मेण्याजवळ थांबला होता.

"कुठाय पुरावा?"

"दाराआड आहे, महाराज. मूल ज्याच्याकडे धावत जातं, त्याच्याच हाती मी ते देते. वही उघडून बघत बसत नाही. हाच आमचा रोजचा नियम."

"मुलं पढवलेली असणार!" दिवाणजी पुढे सरसावले.

"दिवाणजी, या मुलांना मी चार महिने नुसतं नाक शिंकरायला पढवतेय. तुमचा अंगरखा जरा लांब धरा!"

भिवराबाईने कडी काढली. बकुळा जी सुटली ती एका पायात चप्पल, एक पाय मोकळा! ती थेट दोघींच्या मधे जाऊन थडकली. एक हात केतकीच्या गळ्यात, दुसरा हौसाच्या.

"आजपण मी रडले नाही!" तिने ओरडून सांगितलं. तिच्या वाटचं हौसा रडली.

मग युवराज बाहेर आले. राजाने छाती फुगवली, हात पसरले. "या युवराज!"

युवराजांनी हत्ती पाहिला, भाले पाहिले, तुरा पाहिला. आणि धूम ठोकून ते सटवाजीच्या खांद्यावर चढले. "सटवाजीकाका, आज मी लाडू खाल्ला!"

भिवराबाईने सावकाश वही उघडली.

"दिवाणजी, दौत द्या. बकुळेपुढे केतकी आणि हौसा. आणि युवराजांच्या बापाच्या रकान्यात सटवाजी भोई लिहू ना?"

"काय बोलतेस!" राजा लालबुंद झाला. "बाप मी आहे त्याचा! बघ त्या वहीत!"

"वहीत आहातच, सरकार. पण लिहिलेला पुरावा चालत नाही, असं कालच कुणीतरी म्हणालं!"

राजाच्या मिशा थरथरल्या, पोट हललं, आणि तो एवढ्या जोरात हसला की तुरा खाली पडला. "हरलो, बाई! मोडा ते दोन्ही रकाने! एकच ठेवा, 'घरची माणसं', आणि जितकी असतील तितकी लिहा!" त्याने दंडातलं सोन्याचं कडं काढून भिवराबाईच्या हातात घातलं. मग हळूच विचारलं, "पण हे पोर माझ्याकडे कधी गं धावेल?"

"आधी हत्ती घरी पाठवा. आणि उकिडवे बसा, सरकार. एवढ्याशा मुलांना तुमचे गुडघेच दिसतात."

हत्ती गेला. राजा दुर्जयसेन भर अंगणात, जरीच्या अंगरख्यासकट, मातीत उकिडवा बसला. युवराजांनी सटवाजीच्या खांद्यावरून बराच वेळ निरखून पाहिलं आणि मग खाली उतरायला पाय सोडले.