चौथ्या पायरीचा कोनाडा

त्या राज्यात वर कापड राहत होतं आणि खाली लोखंड, आणि दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती.

कापडाच्या गावात सगळं गाठीत असे. गल्लीचं एक गाठोडं, त्यात घराघरांची बोचकी, बोचक्यात प्रत्येकाच्या नावाची पुरचुंडी. किती मावेल याचा विचार कुणी करत नसे. आणखी काही आलं की आणखी एक गाठ. कापड मोठं विसराळू. म्हणून जपायचं ते बांधायचं, आणि बांधलं की खुशाल विसरायचं, अशी तिथली रीत होती. गावच्या केरसुणीचीही एक रीत होती. ज्यावर कुणाचा हात नाही, ते ती झाडून टाकी. नाहीतर गाव केव्हाच चिंध्यांनी बुजून गेलं असतं.

लोखंडाला गाठ म्हणजे काय तेच ठाऊक नव्हतं. त्याला आधी आकडा हवा, मग वस्तू, त्याही सुट्या आणि रांगेत. सांगितलं तेवढं, सांगितलं तिथून उचलायचं आणि ओतायचं. विचारायचं नाही, बघायचं नाही. कामाला मात्र वाघ. कापडाला वर्ष लागलं असतं ते लोखंड दुपारपर्यंत उरकून मोकळं होई.

मधल्या जिन्यावर दाभण राही. अंगाने लोखंडी, पण जन्म कापडात गेलेला. दोन्ही भाषा येणारी ती एकटीच, आणि हे ती कुणाला विसरू देत नसे.

एकदा गावाला कापड खाणारी कसर लागली. गाठींसकट नावं खाल्ली जाऊ लागली, तेव्हा सगळी नावं लोखंडी पाटीवर ओतून घ्यायचं ठरलं. दाभण पायरीवर बसून गाठी उसवी, नावं मोजी आणि एकेक खाली देई. वरून कौतुक चाललं होतं, "काय चटपटीत आहे आमची दाभण!" दाभणीच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

सगळ्यांत शेवटी इरकली आली. विटलेलं जुनं लुगडं. तिने आपली पुरचुंडी दिली आणि म्हणाली, "माझ्या गाठीत अजून एक गाठ आहे गं. जपून सोड. माझी कुंची होती, तान्ही लेक, माझ्याच पदराच्या तुकड्याची. तीन दिवस होती. तिचं नाव आहे त्यात."

ती गाठ ओली बांधलेली होती. ओली गाठ वाळली की दगड होते. दाभणीने दोनदा टोक घातलं, गाठ हलेना. खालून लोखंडाचा मोठा साचा ओरडला, "रस तयार आहे. किती आणि काय?"

जरा थांब, एवढंच म्हणायचं होतं. पण आज तिने कुणाला एकदाही थांबवलं नव्हतं.

वस्तू देता आली नाही तर तिची जागा कळवायची सोय होती. अट एकच, लोखंडाने उचलेपर्यंत वस्तूवरचा हात काढायचा नाही. दाभणीने गाठ कोनाड्यात ठेवली. "एक," ती खाली म्हणाली, "चौथी पायरी, कोनाडा." आणि कौतुक जवळून ऐकावं म्हणून क्षणभर वर गेली.

केरसुणी आली. गाठीवर हात दिसला नाही. ती झाडून पुढे गेली. मग सकाळपासून वाळायला जागा शोधणारं एक पोतेरं आलं आणि कोनाड्यात पसरलं. लोखंडाचा लांब हात वर आला, त्याने तिथे जे होतं त्याचं नाव घेतलं आणि ओतलं.

दाभण परतली तेव्हा पोतेरं म्हणालं, "जागा बरी आहे हं."

ती धावत खाली गेली. साचा म्हणाला, "थंड झालं. तू सांगितलंस तिथूनच घेतलं."

इरकलीला वाचता कुठे येतंय, असं दाभणीच्या मनात आलं. आणि असं मनात आलं याचीच तिला सगळ्यात जास्त लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी पाटी वर आणली. वाचणार अर्थात दाभणच. ओळीमागून ओळ गेली, नाव ऐकलं की जो तो हसे, रडे. मग इरकलीची ओळ आली आणि दाभण थांबली. खोटं बोलायचं तरी नाव ठाऊक हवं. ते तिने कधी पाहिलंच नव्हतं.

"वाच ना गं," इरकली म्हणाली. "बांधल्यापासून ऐकलं नाही मी."

"इरकलीबाई, मी गाठ सोडली नाही," दाभण म्हणाली. "हात ठेवायचा होता, तोही ठेवला नाही, आणि केरसुणीने ती झाडून नेली. इथे पोतेऱ्याचं नाव आहे. तुम्ही मला नाव सांगा, मी हातापाया पडून पुन्हा ओतून आणते."

इरकलीने तोंड उघडलं. बराच वेळ ती आपल्या पदराची कातरलेली कड चाचपत राहिली.

"गाठीच्या भरवशावर विसरले गं मी," ती म्हणाली.

दाभण आता पायरीवर बसत नाही. चौथ्या पायरीच्या कोनाड्यात ती टोकावर रोवलेली असते. केरसुणी रोज येते, कुणाचा तरी हात आहे असं पाहून तेवढी रिकामी जागा सोडते, आणि पुढे झाडते.