टिटवीनं टेकाड धरलं

नदीला पूल नव्हता तवाची गोष्ट. टिटव्यांनी अंडी घालायची ती नदीच्या वाळूतच, अशी त्यांची पिढ्यांची चाल. एक टिटवी मातर काठावरच्या बाभळीचं खोड न्याहाळायची. दर पुराच्या गाळाची रेघ खोडावर राहायची. एखादी खाली असंल, पर मोठ्या पुराच्या रेघा वर वरच चढलेल्या. टिटवीनं वाळू सोडली आन टेकाडावर अंडी घातली.

थोरली बहीण हसली, "अगं येडे, तव्यावर बसलीस व्हय? अंडी उकडून खायाचीत का?"

"उकडू देत न्हाई मी, आक्का."

हसनाऱ्यांचं काय जातंय! टेकाड खरंच तापायचं. टिटवी दिसातनं धा येळा नदीवर जायची, पोटाची पिसं भिजवायची आन अंड्यांवर येऊन बसायची. किती गड्यांना जमंल हे, सांगा!

मिरगात असा पाऊस कोसळला, की नदीनं सगळी वाळू गिळली. पानी टेकाडाच्या पायाशी थांबलं. वर चारी अंडी जागच्या जागी.

थोरली रडत वर आली. तिला वाटलं, आता ही टोचून बोलनार. टिटवी जरा बाजूला सरकली आन म्हनाली, "आक्का, दिस हायत अजून. दुसरी घाल. हितं जागा लई हाय."