सुभाना कासाराची तीन गिऱ्हाइकं

एका राज्यात पाखरं बोलत, झाडं चालत आणि सुभाना कासार गिऱ्हाइकांवर खेकसत असे. बांगड्या अशा, की राणीनं मागून घ्याव्यात, पण जीभ? शिव शिव!

एकदा एका म्हातारीच्या सुजलेल्या हातावर बांगडी चढेना. सुभाना म्हणाला, "असा हात घेऊन बाजारात यायचं कशाला?" म्हातारी निघाली चेटकीण. तिनं उभ्या उभ्या त्याचा पोपट केला आणि बजावलं, की पुनवेचा सूर्य मावळायच्या आत तुझ्या बोलण्यानं तीन गिऱ्हाइकं सुखावली तर माणूस होशील; नाहीतर जन्मभर पेरू खा.

त्याची बायको येसू ढसाढसा रडली. मग डोळे पुसून तिनं दुकान उघडलं, कारण दाराला कुलूप पाहून गिऱ्हाईक थोडंच थांबतं?

तिनं शिकवलेलं "या, बसा" पोपट दिवसभर घोकू लागला. बायका हसत, पण शाप हलेना. तोंडपाठ गोडवा शापालाही कळतो, बरं!

मग आंधळी माळीण आली. तिला पोपटानं रंग वासावरून सांगितले: ही कैरीची, ही झेंडूची. ती हरखली आणि पोपटाला माणसाचे पाय फुटले. पुढे राक्षसीण आली. तुमचं माप आमच्याकडे नाही, शेजारचा तांबट कडं घडवून देईल, असं त्यानं सरळ सांगितलं. ती खूश होऊन गेली. पोपटाचं धड माणसाचं झालं. चोच मात्र तशीच.

पुनवेला, ऊन कलल्यावर, राजकन्या मृणावती आली. तिची मूठ जन्मशापानं मिटलेली. येसूनं कोमट पाण्यात हात भिजवला, बोटं चोळली. तरी बांगड्या एकामागून एक फुटत गेल्या. भरताना फुटलेली बांगडी कासाराची, ही रीत. राजकन्येला रडू फुटलं. म्हणाली, "माझ्यामुळे तुमचं नुकसान होतंय."

सूर्य डोंगराला टेकला होता. पोपट ते विसरूनच गेला.

"ताई, हात जन्माचा, बांगडी भट्टीची. फुटली तर चूक बांगडीची. सावकाश बसा."

राजकन्या रडता रडता हसली. मूठ सैलावली आणि हिरवी बांगडी मनगटावर उतरली. इकडे चोच गळाली, मिशा उगवल्या, सुभाना अख्खा उभा राहिला.

येसू त्याच्याकडे धावली. त्यानं हातानंच तिला थांबवलं.

"येसू, आधी ताईंचा दुसरा हात."

येसूनं पदरानं डोळे पुसले आणि ती आणखी कोमट पाणी आणायला गेली.