दुसरं काही मिळेपर्यंत

माणसांनी गोठे बांधायच्याही आधीची गोष्ट. माळावर म्हशींचा एक कळप चरायचा आणि एक साळुंकी सात वर्षं त्यांच्या अंगावरचे गोचीड वेचायची. मजुरी म्हणून तेच गोचीड खायचे. त्यात तिचं पोट भरायचं, पिल्लांचं नाही.

एकदा ती कळपाच्या म्होरकीला म्हणाली, "मोराई, परत जाताना रोज माझ्या झाडाजवळच्या गवतातून चला. तुमच्या पायांनी नाकतोडे उडतील, ते पिल्लांना होतील."

"अगं, हे काम दुसरं काही मिळेपर्यंतचं," मोराई रवंथ करत म्हणाली. "यावर कुणी संसार मांडतं का?"

"सात वर्षं झाली! अजून किती वर्षं केलं म्हणजे हे माझं काम ठरेल?" साळुंकी वैतागली. "नाहीच ठरणार, तर तुमचं तुम्ही करा." आणि ती उडून गेली.

मोराईने शेपटी झाडून पाहिली, बाभळीला कान घासून पाहिला. आठवड्याभरात कान एवढा सुजला की तिला चरणंही सुचेना. शेवटी एका संध्याकाळी अख्खा कळप गवतातून आला.

"एवढ्याशा कामासाठी केवढा हा वळसा!" मोराई कुरकुरली.

साळुंकीकडे उत्तर तयार होतं, पण चोच नाकतोड्यांनी भरलेली होती. ती पिल्लांना भरवून आली आणि सुजलेल्या कानापाशी बसून गोचीड वेचू लागली.