‘हॅमर’ कुणाचा?

उत्तरेच्या समुद्राकाठी, धुक्यात अर्धं बुडालेलं एक राज्य होतं. तिथल्या राजानं फर्मान काढलं, "हातोड्याला 'हॅमर' म्हणायचा हक्क फक्त आमचा. पलीकडच्या किनाऱ्यावर कुणी तो शब्द उच्चारला, तर जीभ छाटू!" गलबतं सज्जही झाली.

तेव्हा म्हातारी लोहारीण सिग्रुन पुढे आली. "महाराज, आमच्या पणज्या दगडालाच हॅमर म्हणायच्या. दगड तर दोन्ही किनाऱ्यांवर आहेत. आम्हा लोहारांत हत्यारावरून भांडण झालं, की तळहात बघतात. ज्याच्या हाताला घट्टे, त्याचं हत्यार आणि हत्याराचं नावही. दाखवा हात."

राजानं मुठी उघडल्या. हात लोण्यासारखे मऊ!

तेवढ्यात धुक्यापलीकडच्या किनाऱ्यावरून, स्वप्नात ऐकू यावा तसा, हातोड्यांचा ठण् ठण् नाद आला.

"ऐकलंत?" सिग्रुन म्हणाली, "मालक कामावर आहेत."